दिवाळखोरीने घरावरचे दुसरे गहाण सुटत नाही

महोदय,

नोकरी गेलेल्या किंवा धंदा बसलेल्या कुटुंबांत सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो. ‘दिवाळखोरी जाहीर करा, घरावरचे दुसरे कर्ज उडून जाईल, पहिल्याचे हप्ते भरत राहा, घर आपलेच राहील.’ हा सल्ला मुळात अमेरिकेतला आहे आणि तिथेही तो अर्धाच खरा आहे. पुण्यातल्या फ्लॅटला तो लावायला गेले तर घर वाचत नाहीच, वर त्यातला स्वतःचा उरलासुरला हिस्साही हातचा जातो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

घर तारण ठेवून पैसे दिले की देणाऱ्याला दोन वेगळे हक्क मिळतात. एक कर्जदारावर: पगार, बचत, इतर मालमत्ता यांतून वसूल करण्याचा. दुसरा घरावर, ज्याला आपण बोजा म्हणतो. दिवाळखोरीचे कायदे कर्जदाराला मोकळा करतात, पण बोज्याला ते सहसा हात लावत नाहीत. दुसरे गहाण हाही बोजाच आहे. दुसरा क्रमांक म्हणजे विकून आलेल्या पैशाच्या रांगेत दुसरी जागा, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे ‘दुसरे कर्ज’ हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. पहिला प्रकार त्याच बँकेचे टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर घेतलेले वाढीव कर्ज. इथे दुसरा सावकार नसतोच. मूळ खरेदीखत एकाच तिजोरीत, तारण एकच, आणि करारात बहुधा ‘कर्जदाराच्या सर्व येण्यांसाठी’ असे वाक्य असते. गृहकर्जाचा हप्ता वेळेवर आणि टॉप-अपचा थकीत, अशी विभागणी करून काही उपयोग होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकीत ठरते ती व्यक्ती, खाते नव्हे. एक खाते ९० दिवसांवर थकले की त्या बँकेतली त्या कर्जदाराची सगळी खाती एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) कर्ज, ठरतात. नंतर खाते नियमित करून घ्यायचे तर सर्व खात्यांची सगळी थकबाकी भरावी लागते. चारपैकी दोन हप्ते भरून ‘आता सुटलो’ असे समजणारे इथेच फसतात.

दुसरा प्रकार म्हणजे पहिल्या बँकेचा ना हरकत दाखला घेऊन दुसऱ्या बँकेने किंवा वित्त कंपनीने ठेवलेला दुसरा बोजा. धंद्याच्या कॅश क्रेडिटसाठी राहता फ्लॅट जादा तारण म्हणून दिलेला असतो, तो बहुतेक यात बसतो. तिसरा प्रकार सर्वांत घातक: पहिल्या बँकेला न कळवता पतसंस्थेला किंवा खासगी सावकाराला करून दिलेले नोंदणीकृत गहाणखत. पहिल्या बँकेच्या करारात याला सहसा मनाई असते. हप्ते नियमित असले तरी करारभंगाचा मुद्दा तिच्या हातात जातो. सावकाराकडे परवानाच नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करण्याचा मार्ग आहे. पण तो विषय वेगळा.

आता कायद्याकडे. सामान्य माणसासाठी दिवाळखोरीचा नवा कायदा भारतात अजून लागूच झालेला नाही, हे सल्ला देणाऱ्यांच्या गावीही नसते. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ ची. तिचा तिसरा भाग व्यक्तींसाठी लिहिलेला आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो सुरू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकी नोकरदार, दुकानदार, व्यावसायिक यांना पुण्यात आजही १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा लागतो आणि अर्ज शिवाजीनगरच्या कोर्टात करावा लागतो. किमान पाचशे रुपयांचे देणे ही त्यातली एक पात्रता आहे, यावरून कायद्याचे वय ध्यानात यावे.

या कायद्याचे कलम २८ नीट वाचायला हवे. नादार ठरवल्याचा आदेश झाला की माणसाची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीकडे) जाते आणि बिनतारणी धनकोंना, म्हणजे तारण न घेता कर्ज देणाऱ्यांना, कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. क्रेडिट कार्डवाले आणि पर्सनल लोनवाले इथे थांबतात. पण त्याच कलमाचे पोटकलम ६ सांगते, की तारण असलेल्या धनकोच्या तारण वसूल करण्याच्या हक्काला या कशानेही बाध येत नाही. पहिली बँक आणि दुसरा बोजाधारक दोघेही कोर्टाबाहेर आपापल्या वाटेने घर विकू शकतात. उलट दोघांचे भागून जे उरले असते ते आधी मालकाला मिळाले असते, ते आता रिसीव्हरच्या हाती जाऊन कार्डवाल्यांत वाटले जाते. घर राखण्यासाठी केलेल्या अर्जाने घरातला स्वतःचा वाटाच आधी गहाळ होतो.

दोन गोष्टी आणखी. नादाराला देण्यांतून मुक्ती मिळाली तरी कलम ४४ प्रमाणे सहकर्जदार आणि जामीनदार सुटत नाहीत. पुण्यात गृहकर्ज बहुधा नवरा-बायको दोघांच्या नावे असते. एकाने हात वर केले की सगळी वसुली दुसऱ्यावर येते. आणि ही मुक्तीही हमखास मिळते असे नाही. बिनतारणी देण्यांच्या रुपयामागे आठ आणेही मालमत्तेतून निघत नसतील, आणि त्यात आपला दोष नाही हे अर्जदाराला पटवून देता आले नाही, तर पूर्ण मुक्ती नाकारली जाते. कायद्यात आजही ‘आठ आणे’च लिहिलेले आहेत.

‘आधी घराचे बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून टाका’ हा दुसरा लाडका सल्ला. बोजा घराबरोबर जातो, नाव कुणाचेही असो. शिवाय हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर नादारीचा आदेश झाला तर असे विनामोबदला हस्तांतर कलम ५३ खाली रद्द होऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि वकिलाची फी तेवढी जाते.

भोसरी, चाकण, पिरंगुटच्या छोट्या कारखानदारांचे मात्र वेगळे आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला संचालकाने वैयक्तिक हमी दिली असेल तर २०१६ ची संहिता त्यांना लागू होते आणि प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीपुढे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, जाते. तिथे अर्ज दाखल होताच अंतरिम स्थगिती मिळते, अर्ज मंजूर झाल्यावर १८० दिवसांची स्थगिती, आणि परतफेडीचा आराखडा धनकोंच्या मतांवर ठरतो. हा श्वास घ्यायला मिळालेला वेळ आहे, बोजामुक्ती नव्हे. या संहितेत राहत्या घराला सूट आहे खरी, पण ती बोजा नसलेल्या एका घराला आणि नियमांनुसार शहरात २० लाख रुपयांच्या मर्यादेत. पुण्यात २० लाखांत बोजाविरहित घर कुणाकडे आहे, हा प्रश्न नियम करणाऱ्यांनाच विचारावा.

ज्या अमेरिकन वाटेचे नाव घेतले जाते ती नेमकी काय आहे, हेही सांगायला हवे. पुण्यातल्या कितीतरी घरांतली मुले तिकडे कर्ज काढून राहतात. तिथे चॅप्टर सेव्हन आणि चॅप्टर थर्टीन असे दोन मार्ग आहेत. सेव्हनमध्ये माणसाची वैयक्तिक जबाबदारी संपते, दुसऱ्या मॉर्गेजचा बोजा राहतो. घराची किंमत पडून दुसऱ्या कर्जाच्या वाट्याला एक डॉलरही उरत नसला तरी सेव्हनमध्ये तो बोजा काढता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. दावा लावता येत नाही, पण काही वर्षांनी किमती वाढल्या की तोच सावकार लिलावाची नोटीस घेऊन उभा राहतो. थर्टीनमध्ये तीन ते पाच वर्षांचा हप्तेबंद आराखडा असतो. त्यात दुसरे मॉर्गेज बिनतारणी ठरवून घेता येते, पण केव्हा? पहिल्या कर्जाची बाकीच घराच्या किमतीहून जास्त असेल तेव्हा. समजा, घर ३ लाख डॉलरचे आणि पहिले कर्ज ३ लाख १० हजार असेल तर दुसऱ्याचा बोजा काढता येतो. पहिले २ लाख ९८ हजार असेल तर दुसऱ्याला दोन हजारांचा आधार मिळतो, आणि राहत्या घरावरच्या अशा कर्जाच्या अटी बदलता येत नाहीत. सगळा खेळ घराच्या मूल्यांकनाच्या अहवालावर. आराखडा अर्धवट सुटून प्रकरण रद्द झाले तर बोजा पुन्हा जिवंत होतो. तेव्हा मुलांनी ‘बँकरप्सी केली, दुसरे लोन गेले’ असे कळवले तर कोणता चॅप्टर आणि बोजा काढल्याचा कोर्टाचा आदेश हातात आहे का, एवढे विचारावे.

आपल्याकडे अशी वाट नाही. इथे घर राखायचे तर लढाई तारखांची आहे.

हप्ता चुकल्यावर पहिले ३० दिवस, मग ६० पर्यंत, मग ९० पर्यंत असे तीन टप्पे बँकेच्या दफ्तरी नोंदले जातात. काय बोलायचे ते या ९० दिवसांत. मुदतवाढ असो, दोन्ही कर्जे एकत्र करून दुसऱ्या बँकेकडे नेणे असो, एनपीएचा शिक्का बसला की ही दारे जवळजवळ बंद होतात. त्यानंतर सरफेसी कायद्याची (तारण घर कोर्टाबाहेर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस येते. ही नोटीस घेण्याचे टाळणे हा मूर्खपणा आहे, कारण टपाल परत गेले तरी ती दारावर चिकटवून आणि वर्तमानपत्रात देऊन पुरी होते. उलट याच ६० दिवसांत कलम १३(३अ) खाली लेखी हरकत रजिस्टर पोस्टाने पाठवावी. दोन्ही खात्यांचे उतारे, दंडाची आकारणी कोणत्या दराने केली, भरलेले हप्ते कोणत्या खात्यात वळवले, हे त्यात मागावे. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या बोजाधारकाची नोटीस असेल तर त्याच्या बोज्याची सरसाई या केंद्रीय नोंदवहीत नोंद आहे का ते पाहावे. जानेवारी २०२० पासून ती नोंद नसेल तर सरफेसीखाली ताबा-लिलावाची कारवाई करता येत नाही. हा शोध सरसाईच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून कुणालाही घेता येतो.

नोटीस मिळाल्यावर कलम १३(१३) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. विकायचेच असेल तर ते नोटिशीआधी ठरवावे, नाहीतर संमतीचा अर्ज त्याच हरकतीसोबत द्यावा.

६० दिवस संपले की ताबा. आधी कागदोपत्री, मग जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्या कलम १४ च्या आदेशाने पोलीस बंदोबस्तात प्रत्यक्ष. ताबा नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. आपल्या आतल्या पानांवर रोज दिसणाऱ्या ‘परिशिष्ट ४, नियम ८(१)’ या चौकटी त्याच. त्यांत शेवटी एक वाक्य असते: ‘कलम १३ च्या पोटकलम (८) कडे कर्जदाराचे लक्ष वेधण्यात येते.’ ते पोटकलम काय म्हणते ते मात्र कुणी छापत नाही. सगळी बाकी आणि खर्च भरून घर सोडवून घेण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतच आहे. २०१६ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत विक्रीपर्यंत चालायची आणि जुन्या लोकांच्या डोक्यात तेच बसले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालात ही रेषा पक्की केली. लिलावाच्या सकाळी पैशांची पिशवी घेऊन शाखेत जाण्यात आता अर्थ उरलेला नाही. संपादकांना विनंती, की या चौकटींच्या पानावर दोन ओळींत एवढे छापावे. जाहिरातदाराची हरकत असण्याचे कारण नाही.

ताब्याविरुद्ध दाद कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे पुण्याच्या डीआरटीकडे, ४५ दिवसांत मागायची. स्थगिती मिळाली तरी बहुधा काही रक्कम भरण्याच्या अटीवर मिळते. तिथे हरले तर मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाण्यासाठी देण्याच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते, ती फार तर २५ टक्क्यांपर्यंत खाली येते. दुसरे कर्ज पतसंस्थेचे असेल तर सरफेसी लागत नाही. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि त्यावर विशेष वसुली अधिकाऱ्याची जप्ती असा रस्ता असतो. सहकारी बँका मात्र सरफेसी वापरू शकतात, हे २०२० च्या निकालाने ठरले आहे.

आकड्यांत पाहिले की निर्णय सोपा होतो. समजा, वारज्यातला फ्लॅट ८० लाखांचा, पहिल्या बँकेची बाकी ४१ लाख, दुसऱ्या बोज्याची २२ लाख, कार्ड आणि पर्सनल लोन मिळून ९ लाख. आज स्वतः विकला तर दोन्ही बोजे फेडून १७ लाख उरतात, ९ लाख भागवून ८ लाख हातात. वर्षभर ओढाताण करून लिलावात ६६ लाख आले आणि तोवर व्याज-खर्चासह पहिले ४५ व दुसरे २५ लाखांवर गेले, तर पहिल्याला पूर्ण ४५, दुसऱ्याला २१ मिळतात. दुसऱ्याचे राहिलेले ४ लाख साधे कर्ज म्हणून कर्जदार आणि जामीनदाराच्या मागे लागतात, शिवाय कार्डांचे ९ आहेतच. घरही गेले आणि १३ लाखांचे देणे राहिले. नादारीचा अर्ज फार तर या १३ लाखांना उपयोगी पडतो, आणि तोही घर गेल्यावर.

पैसे अपुरे असतील तर कुणाला आधी? आमचे मत स्पष्ट आहे: आधी पहिली बँक, मग दुसरा बोजाधारक, कार्डवाले शेवटी. प्रत्यक्षात घडते उलटे, कारण सर्वांत मोठा आवाज कार्डाच्या वसुली एजंटचा असतो. त्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो मोडला तर तारीख-वेळ लिहून बँकेच्या तक्रार विभागाकडे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे द्यावे. पण त्यांना गप्प करण्यासाठी घराचा हप्ता मोडू नये.

दुसऱ्या बोजाधारकाशी एकरकमी तडजोड हा बऱ्याचदा खरा मार्ग ठरतो. लिलावात आपल्या वाट्याला काय येईल याचा हिशेब त्यालाही करता येतो. वरच्या उदाहरणात घराचा भाव आणखी चार-पाच लाखांनी पडला तर दुसऱ्याला सोळा-सतरा लाखच दिसतात. बोलणी तिथून सुरू होतात. तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे, म्हणून अर्जासोबत पैसे कुठून येणार त्याचा पुरावा जोडावा. मंजुरीपत्रात तीन गोष्टी शब्दशः हव्यात: रक्कम व तारीख, ‘कोणतेही येणे बाकी राहणार नाही’, आणि ‘तारण व बोजा मुक्त करण्यात येईल’. तिसरे वाक्य नसेल तर पैसे भरू नयेत. वैयक्तिक देणे मिटले आणि बोजा तसाच राहिला, अशी प्रकरणे पुढे घर विकताना गळ्यात येतात. सिबिलच्या अहवालात अशा खात्यापुढे ‘सेटल्ड’ लागते, ‘क्लोज्ड’ नव्हे. घर राखायचे असेल तर ती किंमत मोजण्याजोगी आहे.

पैसे भरल्यावरचे काम लोक अर्धवट टाकतात. नोंदणीकृत गहाणखत असेल तर दुय्यम निबंधकांकडे रीकन्व्हेयन्सचा, म्हणजे गहाण सुटल्याचा, दस्त नोंदवून घ्यावा लागतो. सरसाईत बोजा फिटल्याची नोंद झाली का ते तपासावे. जमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर इतर हक्कांत नाव चढले असेल तर ते कमी करण्याचा अर्ज करावा. सोसायटीच्या दफ्तरात आणि शेअर सर्टिफिकेटवर केलेली कर्जाची नोंद काढून घेऊन सचिवांची सही-शिक्का घ्यावी. मूळ कागद ३० दिवसांत परत देणे बँका व वित्त कंपन्यांना १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. पण पहिले कर्ज चालू असताना मूळ खरेदीखत पहिल्या बँकेकडेच असते. दुसऱ्याकडून परत येतात ते त्याच्याकडे दिलेले गहाणखत, सह्या केलेले कोरे धनादेश आणि जामीनदाराची कागदपत्रे. ती मोजून, यादीवर सही घेऊन ताब्यात घ्यावीत.

— बँक वसुली व मालमत्ता-दस्तांच्या कामातले काही निवृत्त कर्मचारी, सदाशिव पेठ, पुणे ३०